चौथ्या चाकावरचा रंग

"मला दोषी ठरवून झालंय," बाई दारातूनच म्हणाल्या. "रविवारी दुपारी सगळे माझ्या घरी जमणार आहेत. मी 'चुकले' म्हणायचं, गॅरेजला कुलूप लावायचं आणि किल्ली धाकट्या भावाच्या हातात द्यायची. मी सोडून सगळ्यांचं एकमत झालंय."

"आणि तुम्ही?" घारीने विचारलं.

"मी चुकले असते तर भर चौकात उभी राहून सांगितलं असतं. पण मी चुकलेले नाही. मग मी का म्हणू?"

घारीने समोरची खुर्ची पुढे ओढली. डोळ्यांच्या रंगावरून पडलेलं हे नाव तिला शाळेपासून चिकटलं होतं, आणि खाजगी तपासाचा धंदा सुरू केल्यावर ते शोभायलाही लागलं. तिच्या टेबलाच्या कडेला तिचा आतेभाऊ लंबू पाय पसरून बसला होता. तो तिची गाडी चालवायचा, सोबत करायचा आणि प्रत्येक प्रकरणात सर्वात आधी चुकीचा माणूस पकडायचा.

पाहुण्या बाईंनी उभा जन्म मुलांना पोहायला शिकवण्यात घालवला होता. सगळे त्यांना कोचबाई म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी वडिलांची जुनी गाडी बाहेर काढली. तिची अलॉयची चारही चाकं काळवंडली होती, रंगाचे पोपडे निघाले होते. कोचबाईंनी घरच्या गॅरेजमध्ये ती स्वतः नवी केली.

"कशी?" घारीने विचारलं.

"आधी टायर उतरवून घेतले. मग रंग काढायचं जेल लावलं. रंग फुगून सुरकुतला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा. तारेचा ब्रश कधीच नाही, ओरखडे पडतात. नुसता धातू दिसेपर्यंत सोडायचं नाही. मग पाण्याने धुवायचं, पॉलिश पेपरने घासायचं, प्रायमर, चंदेरी रंग, वर चकाकीला लॅकर. फवाऱ्याने, पातळ हात. घाई केली की ओघळ येतात."

"आणि ते जेल धातूच खातं, असं लोक म्हणतात?"

"जावई गाडी घेऊन गेला होता. वळणावर मागचं डावं चाक फुटलं, गाडी खांबावर आदळली. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. लगेच सगळ्यांना कळलं की म्हातारीने केमिकल लावून चाक कुजवलं! ज्यांनी मोठ्या हौसेने आपली चाकं माझ्याकडे आणून टाकली होती, ते मान खाली घालून परत घेऊन गेले. माझी लेकसुद्धा म्हणाली, आई, कबूल करून टाक."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज जरासा हलला. पण मान ताठच राहिली.

"फुटलेलं चाक तुम्ही पाहिलंत?"

"फोनवर फोटो पाहिला, लांबून काढलेला. चाक भावाने आपल्या शेडमध्ये बंद करून ठेवलंय. मला हात लावू देत नाही. म्हणे, पुरावा आहे."

"चाकं नवी केल्यावर गाडी कोणाकोणाकडे होती?"

"माझं गॅरेज लोकांच्या चाकांनी भरलं, म्हणून काही दिवस भावाच्या शेडमध्ये. मग जावई एकदा बाहेरगावी घेऊन गेला आणि आणून ठेवली. पुन्हा न्यायला आला, तेव्हा हा अपघात. मी मात्र कामातून मान वर काढली नव्हती."

कोचबाई गेल्यावर लंबू म्हणाला, "भाऊच. वडिलांनी गाडी त्याला सोडून बहिणीला दिली, ते त्याच्या पोटात अजून दुखत असणार."

"पोटात दुखतं म्हणून कोणी चाक फोडत नाही," घारी म्हणाली. "चल, आधी चाक बघू."

*

भाऊ, म्हणजे लेकीचा मामा, फाटकापाशीच भेटला. फाटक चंदेरी होतं, ताज्या रंगाचं. लंबूने घारीला असा काही कोपर मारला की मामाच्याही लक्षात आलं.

"हात लावू नका, ओलं आहे," मामा म्हणाला. त्याच्या हातात रंगाने माखलेला रुंद ब्रश होता आणि फाटकाच्या पट्ट्यांवर केसांच्या रेघा उमटल्या होत्या.

"तुम्हाला ती गाडी हवी होती ना?" घारीने सरळ विचारलं.

"हवी होती! लपवायचं काय त्यात? पण मिळाली असती तर विकून मोकळा झालो असतो. माझे गुडघे गेलेत, मी गाडी चालवतच नाही. ताईला मी शंभरदा सांगितलं, हे बायकांचं काम नाही. तिने कधी कोणाचं ऐकलंय? आता भोगा."

शेडमध्ये गोणपाटाखाली चाक पडलं होतं, टायर तसाच चढवलेला. एका दांड्यापासून काठापर्यंत धातू उभा चिरला होता. घारी गुडघ्यांवर बसली. चिरेच्या कडेला रंगाचा टवका उडाला होता. तिने बोट फिरवलं. वर चंदेरी, त्याखाली पिवळट, त्याखाली काळसर.

लंबू वाकून बघत राहिला. "काय नीटस काम आहे! काठावर ते शिशाचं वजन ठोकतात ना, चाक डगमगू नये म्हणून? बाईंनी तेसुद्धा रंगवलंय. आणि टायरवर एक शिंतोडा नाही."

"लंबू," घारी म्हणाली, "कधीकधी तू फार उपयोगी बोलतोस."

लंबू खूश झाला. आपण काय बोललो, हे मात्र त्याला कळलं नाही.

*

टायरवाला यंत्रावर चाक फिरवत होता. कोचबाईंचं नाव काढताच तो वैतागला.

"माझ्यावर घसरू नका. बाईंनी चार रिकामी चाकं आणली, आरशासारखी. त्यांच्यावर टायर मी चढवले. उभ्या राहून माझ्याकडून काम करून घेतलं त्यांनी! काठाला वजन ठोकू दिलं नाही, म्हणे रंगाला टवका पडेल. चारही चाकांना आतल्या बाजूने चिकटपट्टीची वजनं लावली."

"टायर काढायला वेळ किती लागतो?"

"मला? तुम्ही चहाचा पहिला घोट घ्याल, तोवर टायर बाहेर. घरी हाताने काढायला जाल तर घामाघूम व्हाल आणि चाकाचा काठही सोलून निघेल."

*

जावई पलंगावर टेकून बसला होता, हात गळ्यातल्या झोळीत. त्याची गाडी शिकवण्याची शाळा होती. निम्मं गाव त्याच्या शेजारी बसून स्टिअरिंग धरायला शिकलं होतं. भिंतीवर त्याचा फोटो होता, खाली ठळक अक्षरं: 'आजवर एकही ओरखडा नाही.'

"आईंवर माझा राग नाही," तो हळुवारपणे म्हणाला. "हे वयही नाही त्यांचं केमिकल हाताळायचं. त्यांनी हा नाद सोडावा, एवढंच."

कोचबाईंची लेक चहा घेऊन आली. चेहरा ओढलेला. "दोघंही माझीच माणसं," ती म्हणाली. "कोणाची बाजू घेऊ?"

जावई मांडीवरच्या ट्रेमध्ये एका हाताने पत्ते मांडत होता. लंबूला राहवेना. त्याने डाव मांडायला लावला आणि बघता बघता हरलाही.

"पत्ते झकास आहेत हो," हरल्याची लाज झाकत तो म्हणाला. "चंदेरी कडेचे. महागातले दिसतात."

"असेच आहेत," जावई म्हणाला आणि पत्ते गोळा केले.

"बाहेरगावी गेलात तेव्हा गाडी कशी चालली?" घारीने विचारलं.

"लोण्यासारखी. काही म्हणता काही झालं नाही."

परत निघताना लंबू म्हणाला, "आता तरी पटलं? मामाच्या फाटकावर चंदेरी रंग, चाक मामाच्या कुलपात. दोन आणि दोन चार!"

"चार चाकांचाच प्रश्न आहे," घारी म्हणाली. "रविवारी टायरवाल्याला घेऊन ये. आणि मामाला सांग, पुरावा आणा."

*

रविवारी कोचबाईंच्या गॅरेजमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. अपघातानंतर ओढून आणलेली गाडी मागे लाकडी ठोकळ्यांवर उभी होती आणि तिची उरलेली तीन चाकं भिंतीला टेकवलेली होती.

मामाने घसा खाकरला. "ताई, बोल आता. लांबवू नकोस."

"मी बोलणार नाही," कोचबाई म्हणाल्या. "ही बोलेल."

घारी पुढे झाली. "हे फुटलेलं चाक कोचबाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. आज त्यांनी बघावं."

कोचबाईंनी गोणपाट बाजूला केलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "काठाला वजन? हे माझं चाक नाही!"

"असं कोणीही म्हणेल," मामा पुटपुटला.

"म्हणूनच सगळ्यांसमोर तपासू," घारी म्हणाली. "टवका बघा. चंदेरीखाली पिवळट जुनं लॅकर, त्याखाली काळा थर. आता भिंतीजवळच्या चाकांवरचा ओरखडा बघा. रंग, प्रायमर आणि खाली थेट चकचकीत धातू. कोचबाई नुसता धातू दिसेपर्यंत सोडत नाहीत. या चाकावर मात्र जुन्याच रंगावर फवारा मारलाय. टायरवाल्यांनी वजनं आतून चिकटवली होती. इथे वजन काठावर ठोकलंय आणि तेही चंदेरी आहे. लंबूला तो नीटसपणा वाटला. मला त्यातून क्रम दिसला: आधी टायर चढला, मग वजन ठोकलं आणि सर्वात शेवटी रंग. कोचबाई तर रिकाम्या चाकाला रंग देतात. आता हा टायर उतरवा."

टायरवाल्याने सोबत आणलेल्या पहारी लावल्या, जोर केला, टायर सुटला. सगळे वाकले. टायरच्या कडेखाली चंदेरी रंगाचा ठिपकाही नव्हता, नुसता मळकट पिवळा काठ.

"म्हणजे चाक बदललं गेलं," लेक हळूच म्हणाली.

"हो. कोणीतरी त्याच घडणीचं जुनं चाक आणलं, टायर त्यावर चढवून घेतला आणि घरी येऊन रंगवलं. कोणी? टायरवाल्यांनी नाही. यंत्र दारात असताना कोणी टायर ठेवून रंगवत नाही. मामांनी नाही. ते रंगवतात तेव्हा ब्रशच्या रेघा फाटकभर दिसतात. हा रंग फवाऱ्याचा आहे."

लंबूने मामाकडे बघून मान डोलावली, जणू त्याला हे आधीपासून ठाऊक होतं.

"मग टायरवर शिंतोडे का नाहीत? ज्याच्याकडे यंत्र नाही, तो एक सोपी युक्ती करतो." घारीने खिशातून आपलं कार्ड काढलं आणि भिंतीजवळच्या चाकाचा काठ आणि टायर यांच्या फटीत खोचलं. त्यावर थोडं चढवून दुसरं, मग तिसरं. "अशी सगळीकडून कार्डं खोचायची, कुंपण होतं. रंग कार्डांच्या उघड्या कडांवर बसतो, टायर कोरा राहतो. पण एवढी सारखी, कडक कार्डं घरात कुठे मिळतात? लंबू, तू कोणत्या पत्त्यांनी हरलास?"

लंबूने आ वासला. "चंदेरी कडेचे..."

"चंदेरी कडेचे?" लेक ताडकन उभी राहिली. "आमचे पत्ते साधे आहेत. मीच आणले होते. ते चंदेरी कधी झाले?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली.

जावयाने झोळीतला हात सावरला. "परत येताना दुभाजकावर घासली," तो शेवटी म्हणाला. "मोबाईल बघत होतो. चाकाला चीर गेली. मी गाडी शिकवतो, आणि मीच... गावभर हसं झालं असतं. भंगारवाल्याकडे तसलंच चाक मिळालं. जुनं होतं, पण चालेल वाटलं. ते फुटलं तेव्हा सगळे आपोआप आईंचं नाव घ्यायला लागले. मी फक्त गप्प बसलो."

"फक्त?" लेक म्हणाली. तिचा आवाज आईसारखाच निघाला. "मला आईकडे पाठवलंस, कबूल करून टाक म्हणायला. त्याला गप्प बसणं म्हणतात?"

जावयाने खाली पाहिलं. "आईंचं चाक शाळेच्या माळ्यावर आहे. भंगारात टाकवलं नाही. काम फार सुंदर होतं."

मामा उठला, कपडे झटकले. "ठीक आहे, झालं ते झालं. कोणाचीही चूक असो. ताई, आता तरी हा उद्योग बंद कर आणि सुखाने राहा."

"कोणाचीही नाही," कोचबाई म्हणाल्या. "ज्याची त्याची. माझी वाटत होती तेव्हा तुम्ही खुर्च्या मांडल्या होत्यात. आता त्याची आहे तर झालं ते झालं? बस खाली." मामा बसला. त्या जावयाकडे वळल्या. "माझ्यासमोर रडू नकोस. हाड जुळलं की शाळेतल्या तुझ्या पोरांसमोर उभा राहा आणि चाक कोणी फोडलं ते सांग. एवढंच पाहिजे मला. आणि तोवर गाडीच्या किल्लीकडे बघायचंही नाही."

"सांगेन," तो म्हणाला.

लेक खुंटीपाशी गेली. खुंटीवरचे रबरी हातमोजे तिने काढले, चढवले आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "जेल किती वेळ ठेवायचं असतं?" तिने विचारलं.

*

नवं चौथं चाक सापडायला वेळ लागला. दोघींनी मिळून ते खरवडलं, घासलं, रंगवलं. हाड जुळल्यावर जावई शाळेत उभा राहिला आणि बोलला. पोरं हसली, मग हसायची थांबली. भिंतीवरचा तो फोटो त्याने आपल्या हाताने उतरवला. नेलेली चाकं एकेक करून लोक परत घेऊन आले. कोचबाईंनी कोणाला टोमणा मारला नाही, पण प्रत्येकाला रांगेत उभं केलं.

पावसाने उघडीप दिलेल्या पहिल्या दिवशी, सगळं गाव कामाला निघालेलं असताना, जुनी गाडी गॅरेजबाहेर आली. कोचबाई चालवत होत्या, शेजारी लेक. गाडी शिकवण्याच्या शाळेपुढून त्यांनी ती मुद्दाम सावकाश नेली. पुढे मामाचं फाटक आलं. मामा दारातच उभा होता.

"वेग वाढवू?" कोचबाईंनी विचारलं.

"नको," लेक म्हणाली. "बघू दे नीट."

मग वाकून तिनेच हॉर्न दाबला, आणि रस्ता वळेपर्यंत हात काढला नाही.