गेटवर आलेला माणूस

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या मावसभावाने हे स्वतः सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

तो फौजेत. छावणीत सगळे त्याला 'थापाड्या' म्हणायचे. उन्हाळ्याच्या तोंडी मित्राच्या लग्नाला जायचं होतं, रजा मिळेना. पठ्ठ्याने सरळ सांगून टाकलं, "साहेब, वडील गेले."

दहा दिवस मिळाले. परतल्यावर सुभेदारांनी पाठीवरून हात फिरवला. याला आतून हसू फुटत होतं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी. दुपारचे दोन. बराकीत तो बुटांना पॉलिश करत होता. गेटवरून निरोप आला...

"तुझे वडील आलेत."

हातातला बूट तसाच टाकून तो धावत सुटला.

खरंच वडील होते. अठरा तासांचा प्रवास, तोही न कळवता?

आणि... पाय अनवाणी.

डांबर वितळत होतं. ते पाय जराही हलत नव्हते.

शेजारी सुभेदार उभे.

"काय रे, हे तुझे वडील म्हणे?"

खरं बोललं तर कोठडी ठरलेली.

"नाही साहेब. मी ओळखत नाही यांना."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सुभेदारांना हात जोडले.

"माझंच चुकलं साहेब. हा माझा मुलगा नाही."

ते वळले. समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना उंच भिंत. पहाऱ्यावरच्या संत्र्याने गेट लावून वर पाहिलं...

रस्ता रिकामा.

"म्हातारा चालतो मात्र भराभर!" संत्री हसला.

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. बहिणीने उचलला.

"ताई, बाबा पोचले की मला कळव."



"अरे, बाबा काल सकाळीच गेले. तेव्हापासून छावणीत फोन करतेय. तिथला कारकून म्हणतो, त्याचे वडील कधीच वारलेत, थट्टा करता का?"

मग ती रडायला लागली. "शेवटपर्यंत तुला भेटायचं म्हणत होते. तू निघ. आम्ही थांबलोय."

तो सुभेदारांच्या पाया पडला.

"बाप किती आहेत रे तुला?" सुभेदार म्हणाले. अख्खी बराक खो खो हसली.

रजा मिळाली नाही. शेवटचं तोंडही दिसलं नाही.

वर्षभराने त्याची बदली झाली. नवी छावणी, नवी माणसं. पहिलाच रविवार. दुपारी बराकीतला फोन वाजला.

"गेटवर एक म्हातारे आलेत. तुमचे कोण लागतात विचारलं, तर म्हणतात... त्यालाच विचारा."



"सोडू का आत?" संत्री विचारत राहिला.

त्याने काय उत्तर दिलं, मी तीनदा विचारलं. अजून सांगितलेलं नाही.