येतो म्हणून गेलेला मुलगा

निनाद, बस खाली. चप्पल काढ ती. काय म्हणालास आत्ता? 'काका, मी जातो'? अरे, बाहेर अंधार पडलाय, गार वारा सुटलाय, आणि दुसऱ्याच्या घरातून निघताना 'जातो' म्हणतोस? आपल्यात 'येतो' म्हणतात. तू हसू नकोस गं ऋचा, तू तर परवा 'चलती हूँ काका' म्हणून गेलीस. मला ठाऊक आहे, तुम्ही दोघं जयपुरातच जन्मलात, शाळा हिंदी, घरी आई बोलेल तेवढंच मराठी. चालायचंच. पण या एका शब्दावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे.

संक्रांतीच्या कार्यक्रमाचे कागद ठेवा बाजूला. शेगडी जवळ ओढा. सांगतो.

आधीच सांगून ठेवतो, मी भुतंखेतं मानत नाही. छत्तीस वर्षं स्टेशनमास्तर होतो. आडरानातल्या स्टेशनांवर एकट्यानं रात्रपाळ्या काढल्या, डासांशिवाय कोणी भेटायला आलं नाही. पण हे घडलंय. आमच्या भगवानच्या मुलीच्या बाबतीत, अक्षदाच्या. भगवान सिग्नल खात्यात होता, आमचं घरोब्याचं. त्याची बदली भुसावळला झाली तेव्हा पोरगी म्हणाली, मी इथंच राहते, संगणकाचा कोर्स करते, नोकरी मिळवून दाखवते. भगवान म्हणाला, डिसेंबरपर्यंत बघ. कोर्स पुरा झाला नाही तर गुपचूप भुसावळला यायचं. ती हो म्हणाली आणि आपल्याच आदर्श नगरात एक खोली घेऊन राहिली, पण आमचं तिच्याकडे फिरकणं राहूनच गेलं. एकटी.

दोन हजार चोवीसचा सोळा डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी सात वाजता भगवानचा फोन. 'मास्तर, पोरीचा फोन दुपारपासून बंद आहे. कोर्सच्या जागी असेल, जरा बघून येता का?' तुमच्या सुमनकाकूनं लगेच मुगाची खिचडी डब्यात भरली, वर तूप घातलं आणि म्हणाली, ती पोर काही खात नसणार, हे देऊन या. काम एवढंच. डबा पिशवीत टाकला, कानाला मफलर गुंडाळला आणि स्कूटर काढली. कोर्स गावाबाहेर, झालाना भागात होता. तिकडे कचेऱ्या सुटल्या की रस्ता ओस पडतो. एका बाजूला बंद फाटकं, दुसऱ्या बाजूला जंगल. बिबट्या आडवा आला तर खिचडी द्यायची की स्कूटर, असा विचार करत मी चाललो होतो. मजेत होतो अगदी.

तिथं वरच्या मजल्यावर काय चाललं होतं, ते मला तिनं नंतर सांगितलं. ते आधी ऐका.

तिचा कोर्स म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून एकच प्रोग्राम कसा लिहायचा, हे नवख्यांना शिकवायचा. निनाद, तुला येतं ते सगळं, मान डोलावू नकोस, मी माझ्या भाषेत सांगतो. मेन लाईन एकच असते. तिच्यावर थेट कोणी काम करायचं नाही. प्रत्येकानं आपली लूप लाईन काढायची, ब्रँच म्हणतात तिला, तिथं आपलं काम करायचं. जेवढं काम होईल तेवढं जपून ठेवायचं आणि काय केलं ते एका ओळीत लिहायचं. मग ते मेन लाईनवर घ्यायचं. पण स्वतःचं काम स्वतः आत घेता येत नाही. दुसऱ्यानं बघून 'ठीक आहे' म्हणावं लागतं. मला हे फार आवडलं. आमच्यातही पुढच्या स्टेशननं लाईन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. तुम्ही कितीही हुशार असा, पलीकडे कोणीतरी जागं असावं लागतं.

अक्षदाच्या पलीकडे कोणी नव्हतं. तिची जोडीदार मुलगी दुसऱ्या आठवड्यातच कोर्स सोडून गेली. बाकीचे बारा जण जोड्याजोड्यांनी बसायचे, जोडीनं चहाला जायचे. ही एकटी. मग हिनं काय करावं? ती जी एक ओळ लिहायची असते ना, ती मराठीत लिहायला लागली. वर्गात मराठी कोणाला येत नव्हतं. 'बटणाचा रंग बदलला. आज डबा एकटीनं खाल्ला.' 'यादी नीट लावली. आई फोनवर रडली.' कोणी वाचणार नाही म्हणून मनातलं लिहीत गेली. आठ-आठ दिवस दुकानदाराशिवाय कोणाशी बोलायचं नाही म्हणजे काय, ते मला विचारा.

एका संध्याकाळी तिनं लिहिलं, 'मी आज फार थकून गेली.'

त्या ओळीखाली उत्तर आलं. मराठीत. 'गेली नव्हे, गेले. मी थकून गेले.' खाली नाव होतं, राजरत्न.

तिला इतका आनंद झाला! कोण, कुठला, तिनं विचारलंच नाही. विचारलं आणि गेला तर? रोज संध्याकाळी दोन-चार ओळी व्हायच्या. जेवलीस का, भुसावळला काय म्हणतात, पोह्यांत शेंगदाणे घालतेस का. एकदा निघताना तिनं लिहिलं, 'चल, मी जाते.' लगेच उत्तर. 'जाते म्हणू नये. येते म्हणावं. परत यायचं असतं ना?' आणि तो स्वतः रोज शेवटी एकच शब्द लिहायचा. 'येतो.'

ती वर्गात बघायची, यातला राजरत्न कोण असेल. मतलब, कोणीच नव्हता, असं ती मला म्हणाली.

त्या सोमवारी नऊ वाजता सगळ्यांची शेवटची कामं बंद होणार होती. नऊच्या आत दुसऱ्या कोणी बघून आत घेतलं तर कोर्स पुरा, नाहीतर नाही. अक्षदानं दुपारी दोघा-तिघांना विनवलं. 'देख लेंगे' म्हणाले आणि साडेसहाला जॅकेटं घालून निघून गेले. शिकवणारे पूनिया सर भला माणूस, पण नियमाला पक्के. ते म्हणाले, मी बघितलं तर तुला माझीच सवय लागेल, कोणीतरी जोडीदार शोध. तेव्हा ती म्हणाली, राजरत्नला सांगू का?

पूनिया सर निघता-निघता थांबले.

मग म्हणाले, 'कौन राजरत्न?'

तिनं सांगितलं. ते म्हणाले, 'बेटा, वो तो पिछले बैच में था। जनवरी में… विश्वकर्मा की फ़ैक्टरियों की तरफ़ से लौट रहा था। कोहरा था। ट्रक…'  कोणीतरी तुझी थट्टा करतंय, मी उद्या बघतो, एवढं म्हणून तेही गेले.

आणि ही तिथंच बसली. मी तिला नंतर रागावलो, म्हटलं, एवढं ऐकल्यावर पळत सुटायचं सोडून बसलीस कशी? म्हणाली, 'काका, घरी जाऊन तरी कोण होतं?'

सात पस्तीसला वीज गेली.

सगळी इमारत काळी झाली. तिचा लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू. भिंतीवरच्या वायफायच्या डब्याचा हिरवा दिवा विझलेला. म्हणजे काही बाहेर जाणार नाही, काही आत येणार नाही. तिला ते कळत होतं. तिनं डोकं टेबलावर टेकलं.

मान वर केली तर एक ओळ आली होती.

'आहेस?'

तिनं डब्याकडे बघितलं. दिवा बंदच होता.

तिनं लिहिलं, 'आहे.'

'माझं बघशील? कोणी बघितलंच नाही.'

तिनं यादी उघडली. सगळ्यांच्या ब्रँचा होत्या तिथं. अगदी तळाशी एक, अकरा महिन्यांपूर्वीची. राजरत्नची. त्याच्या जोडीदारानं खाली लिहिलेलं होतं, 'मराठी मुझे नहीं आती, बाद में।' मग राजरत्न गेला. आणि ते तसंच राहिलं.

काय होतं त्याचं काम? जयपुरातल्या मराठी माणसांची यादी. नाव, पत्ता, फोन नंबर आणि पुढं एक-एक ओळ. 'या काकू आजारी माणसाला डबा देतात.' 'हे विश्वकर्मामध्ये लेथवर काम करतात, रविवारी घरी असतात, गप्पा आवडतात.' वर लिहिलं होतं, 'इथं नवीन आलेल्या आणि एकट्या असलेल्या माणसासाठी.' एकेचाळीस माणसं होती. पोरगं दारोदार हिंडलं होतं.

एकेचाळिसावं नाव… सांगतो.

'उमाकांत काका, आदर्श नगर. नंबर नंतर देतो म्हणाले.'

हो. मीच. सात जानेवारी, रविवार होता. मी मॅच बघत होतो. दारात एक सडपातळ मुलगा, हातात वही. काका, मराठी आहात ना, एक यादी करतोय, नंबर देता का? मी म्हटलं, अरे नंतर ये, आता नको. पाणीसुद्धा विचारलं नाही. नावही विचारलं नाही. तो हसला आणि म्हणाला, 'येतो, काका.' आणि गेला. चार दिवसांनी ते धुकं आणि तो ट्रक. मला पत्ताही नव्हता. याची मला लाज वाटते. आजही वाटते.

तर अक्षदानं सगळी यादी वाचली. अंधारात. सावकाश. आणि खाली लिहिलं, 'बघितलं. छान आहे.' आणि आत घेतलं.



मग तिच्या स्वतःच्या कामाखाली खूण उमटली. बघितलं. ठीक आहे. राजरत्न.

तिला रडू आलं. तिनं लिहिलं, 'कुठे आहेस?'

'शेवटच्या रांगेत.'

ती पुढच्या रांगेत होती. तिच्या मागं पाच रांगा. अंधार.

'मागे बघू?'

'नको.'

तिनं बघितलं नाही.  मागं कुठं तरी खुर्ची सरकली. एकदाच. मग काही नाही… श्वाससुद्धा नाही… आपल्याला निघायचं असतं पण दुसऱ्याला एकटं सोडवत नाही, तेव्हा माणूस कसा घुटमळतो? तसं वाटत होतं, म्हणाली. कोणीतरी थांबलंय. कोणाची तरी वाट बघतंय.

मी खाली फाटकाशी पोचलो होतो. स्कूटर बंद केली. रखवालदार बाबूलालजी शेकोटीपाशी बसलेले. मी विचारलं, एक मुलगी आहे का वर? म्हणाले, 'हाँ जी, दो बच्चे बैठे हैं ऊपर।' मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सोबत आहे पोरीला.

फोनचा उजेड पाडत जिना चढलो. गुडघ्यांमुळे हळूहळू. वरच्या दाराशी पोचलो तेव्हा घड्याळ बघितलं, सवय आहे मला. आठ पंधरा. आत एकटी अक्षदा. मागच्या रांगांवर उजेड फिरवला. सगळ्या खुर्च्या टेबलांखाली नीट ढकललेल्या. शेवटच्या रांगेतली एक तेवढी बाहेर.

'काका,' एवढंच म्हणाली आणि माझ्या कोटाला धरून रडली. मी लहान पोरांना थोपटतात तसं थोपटलं तिला. खिचडी गरम होती अजून. तिथंच अंधारात खायला घातली. खाता-खाता तिनं सगळं सांगितलं, यादी दाखवली, आणि माझ्या नावापुढची ओळ वाचली. म्हटलं, पोरी, नंबर घाल माझा. आत्ता घाल. तिनं घातला. मग तिनं अगदी शेवटची ओळ दाखवली. मी दार उघडायच्या आधीच ती आली होती. मी त्या पडद्याचा फोटो काढून ठेवला.

अक्षदा पास झाली. आता सीतापुऱ्याला नोकरी करते आणि दर रविवारी आमच्याकडे जेवते. दुसऱ्या दिवशी पूनिया सरांनी सगळं उलटंपालटं करून बघितलं. राजरत्नचं खातं मार्चमध्येच बंद केलेलं. वीज नऊ वाजता आली, तोवर नेट नव्हतं. 'मशीन की गलती होगी,' म्हणाले. पण तिचं काम त्यांनी आत राहू दिलं. ती शेवटची ओळ बघून मला विचारलं, 'इसमें ऐसा क्या है, अंकलजी?'  रोज येतो म्हणणारा पोरगा. त्याच्याकडूनच ती तो शब्द शिकली होती.

त्यानंतर त्याची एकही ओळ आली नाही. ती पुष्कळ दिवस वाट बघायची.

हा घे फोन, ऋचा. फोटो मोठा कर. अक्षरं हिंदीचीच आहेत, वाचता येईल तुला. आधी वेळ वाच.

'आठ… बारा.'

हं. आठ बाराला मी फाटकाशी होतो. स्कूटर बंद करत होतो. आता पुढं. मोठ्यानं.

'काका आले…'

वाच ना. थांबलीस का? एकच शब्द राहिलाय.

'…जातो.'