खिंडीपलीकडचं तळं

हिमनदीच्या माथ्यावरच्या खिंडीपलीकडे निळं तळं आहे की नाही, एवढंच पाहायला तिघं निघाले होते.

तळ्याबद्दल लिहिलं होतं धाकट्या भावाने. पुस्तक हातोहात खपलं. लोक रस्त्यात अडवून त्याची सही मागू लागले. थोरला त्याच्याही आधीपासून डोंगर तुडवत आला होता, पण त्याची कोरडी टिपणं प्रकाशकाच्या कपाटात धूळ खात पडली होती. "तळंबिळं काही नाही, थापा आहेत," असं तो चारचौघांत बोलून गेला. प्रकाशकाने लगेच शब्द पकडला: "दोघंही जा. दिसेल ते तुम्ही लिहा, मी छापतो."

"मीही येणार," थोरल्याची डॉक्टर बायको म्हणाली. "तुम्हा दोघांना एका दोरावर सोडायची माझी छाती नाही!"

नदीवर पुस्तकात झुलता पूल होता. इथे होता एक शेवाळलेला ओंडका.

"पूल कुठाय?" थोरल्याने मुद्दाम गोड आवाजात विचारलं.

"ओंडकाच होता रे दादा. पण पूल म्हटलं की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो."

"म्हणजे थाप!"

"आधी ओलांड, मग बोल."

मधोमध थोरल्याचा पाय सटकला! खाली पाणी गर्जत होतं. तो ओंडक्याला मिठी मारून पडला आणि तसाच सरपटत पलीकडे गेला. पोटातला गोळा बराच वेळ विरघळला नाही. ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी तांबडा कडा लागला. पाणी चढावं तशी सावली खालून वर चढत होती आणि वरचा दगड निखाऱ्यासारखा फुलला होता. पुस्तकात अगदी असंच होतं. असे कडे थोरल्याने आयुष्यभर पाहिले होते. त्याच्या टिपणांत त्यांची फक्त उंची असायची. त्याच्या छातीत कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. पूल खोटा आणि कडा इतका खरा! मग तळं?

दुसऱ्या दिवशी हिमनदी. धाकटा पुढे होता. खिंड अगदी डोळ्यांसमोर आली आणि बर्फ कडाडला!

धाकटा दिसेनासा झाला. दोराला हिसका बसला. थोरला आडवा फेकला गेला, टाचा रुतवून कसाबसा थांबला. "ओढ!" बायको ओरडली. दोघांनी जीव खाऊन ओढलं. धाकटा भेगेतून वर आला तेव्हा त्याचा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता.

"भावजी, हलू नका!" तिने पाय बांधायला घेतला.

थोरला खिंडीकडे पाहत उभा होता. एक चढण, फक्त एक! आणि पलीकडे काहीच नसलं तर? सह्या, सत्कार, सगळं एका दिवसात जमीनदोस्त!

"जायचं तर जा," बायको मान वर न करता म्हणाली. "पण ढग उतरतायत, आणि मला एकटीला भावजींना खाली नेता येणार नाही."

थोरल्याने दात-ओठ खाल्ले, खिंडीकडे पाठ केली आणि भावाला पाठुंगळी घेतलं. वादळात ठेचकाळत, दोराच्या आधाराने घसरत तिघं जिवंत खाली आले.

"तळं नाही, एवढंच लिहा," प्रकाशक खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "तुमचं पुस्तक हातोहात खपेल!"

थोरल्याचा हात शिवशिवला. खोटं ठरवणार कोण होतं? तरी त्याने लिहिलं: 'खिंडीपलीकडे मी गेलो नाही. तिथे काय आहे, मला ठाऊक नाही.'

तो कागद धाकट्याने दवाखान्यात, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून वाचला.

"दादा, तू 'नाही' लिहिलं असतंस तर मी काय करणार होतो?"

"मी पाहिलं नाही ना, मग कसं लिहू?"

"तळं आहे, दादा."

"तू तर पूलही आहे म्हणाला होतास!" थोरला उसळला. "पाय बरा होऊ दे. मग दाखव."

"दाखवतो की. दोर मात्र तूच धरायचास."

इतक्या सहज हो म्हणाला! म्हणजे असेल तिथे तळं, निळंशार असेल. आणि ते आधी पाहिलं याने! थोरल्याचा जीव पुन्हा जळला. तरी जाताना त्याने भावाच्या पायाखालची सरकलेली उशी नीट केली.