धरणाचा दरवाजा कुणी उघडला?

पहिल्याच भेटीत तो माझ्या एकवीस पानांवरून बुटांसकट चालत गेला.

पूर ओसरून आठवडा झाला होता. ग्रंथालयातली भिजलेली पुस्तकं वाचवायला मला महिन्याभरासाठी परगावाहून बोलावलं होतं. फरशीभर पानं वाळत पडलेली, आणि हा वायरमन खांद्यावर शिडी घेऊन छताकडे बघत सरळ आत...

"अहो, डोळे कुठे आहेत तुमचे?"

"वर होते," तो म्हणाला. "आता खाली आणले — बरं झालं आणले."

असला वात्रट! आणि तुडवलं तेही नेमकं काय, तर धरणाच्या पाण्यानं बुडालेल्या एका गावाची रहस्यकादंबरी. धरणाचा दरवाजा कुणी उघडला, याचा शोध.

"अरे, हेच तर हवं होतं! सुकलं की आधी मला. सभासद क्रमांक चारशे बारा. लिहून घ्या."

मग रोज तेच. मी टीपकागद घालून चिकटलेली पानं एकेक करून सोडवायची, आणि शिडीवरून आवाज यायचा, "मॅडम, दरवाजा कुणी उघडला?"

"अजून तीस पानं आहेत!"

डोकं उठवलं त्यानं. त्याच्यापायी मीही ती कादंबरी वाचायला लागले, हा आणखी एक ताप. एक दिवस तो आला नाही, तर मी चारदा दाराकडे पाहिलं. त्या दिवशी मला स्वतःचाच भयंकर राग आला. तो मला आवडायला लागला होता, आणि शनिवारी माझी परतीची गाडी होती.

गुरुवारी शेवटचं पान आलं. चिमट्यानं उचललं आणि त्याचा हातातच लगदा झाला! मी अगदी रडकुंडीला आले. तेवढ्यात मागच्या पुठ्ठ्यावरची चिठ्ठी दिसली — पुस्तक कुणी कधी नेलं त्याची. शाई गेली होती, पेन्सिल शाबूत होती. ४१२. खाली ४१२. त्याखाली पुन्हा ४१२.

"खाली उतरा आधी! तीनदा वाचलंय तुम्ही हे?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हो..."

"मग इतके दिवस माझं डोकं का खाल्लंत?"

"वायरिंग दहा दिवसांपूर्वीच संपलंय, मॅडम. शिडी उगीच लावतो. तुम्ही... आवडता मला. रोज यायला दुसरं काही सुचेना."

मी ओरडले, "ते राहू द्या! दरवाजा कुणी उघडला, ते सांगा!"

तो हसला. "रविवारी सांगतो."

"शनिवारी माझी गाडी आहे!"

"माहितीये."

इतका वैताग मला जन्मात कुणी दिला नव्हता. तिकीट रद्द करायच्या रांगेत तो माझ्या शेजारीच उभा होता. पण दरवाजा कुणी उघडला, याबद्दल तोंडातून अवाक्षर काढेल तर शपथ!