उचगावच्या पत्र्यावरचा आवाज

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांच्या परवान्याची परीक्षा पास झाले, पण माइकवर बोलायची भीती काही जाईना. म्हणून एका रविवारी दुपारी मी अनगोळला राघवेंद्रअण्णांच्या घरी गेले. अण्णा निवृत्त वकील, या रेडिओचा नाद जुना. उचगावात ओळखीच्या गुंडूच्या शेतघराच्या पत्र्यावर अँटेना बांधून त्यांनी एक रिसीव्हर इंटरनेटला जोडला होता. परवाना नसलेल्यांनीही मोबाइलवर ऐकावं, त्यांना गोडी लागावी, एवढाच हेतू.

"आधी नुसतं ऐक, भैरवी," अण्णा म्हणाले.

लॅपटॉपमधून खरखर येत होती. बाहेर रखरखीत ऊन, पण खोलीत एकाएकी ओल्या मातीचा वास सुटला... आणि खरखरीतून एका म्हातारीचा आवाज आला.

"पत्र्यावर काय बांधलंयसा रं? दुपारचं जरा पडावं म्हटलं तर नुसतं घुं घुं... डोळा लागंना."

अण्णा तडकले. "विनापरवाना बोलतायत! कॉलसाइन नाही, ओळख सांगणं नाही!"

"बिचारी कोण असेल?" मी पुटपुटले.

"बिचारी कुणाला म्हणतीस गं?" लॅपटॉपमधून आलं.

माझ्या हातातला चहा सांडला. तो रिसीव्हर फक्त ऐकायचा. आमचं बोलणं उचगावला पोचायची सोयच नव्हती.

अण्णांना मागं बसवून तशीच स्कूटर काढली आणि उचगाव गाठलं. गुंडूनं अण्णांच्या मोबाइलवर तो आवाज ऐकला आणि लगेच ओळखला.

"जयाबाई आत्या हाय ही... मागच्या दिवाळीत गेली. जित्ती हुती तवा बी झोप मोडली की लई शिव्या घालायची."

"अण्णा, अँटेना काढूया," मी म्हणाले.

"अगं, कुठकुठली पोरं ऐकतात यावर!" अण्णांचा चेहरा पडला. मग पत्र्याकडे बघून, न्यायाधीशांसमोर बोलावं तसं म्हणाले, "जयाबाई, अँटेना बांधावरच्या आंब्यावर हलवतो. चालेल का? ओव्हर."

मोबाइलमध्ये खरखर...

"ओव्हर म्हंजे काय रं?"

"म्हणजे... आता तुम्ही बोला."

"मग तसं सांग की! हलीव तिकडं."

अण्णा स्वतः शिडी चढले. मी खालून शिडी धरली. अँटेना आंब्यावर गेली तशी म्हातारी गप्प झाली.

"बघ, मेलेल्या बाईशीही बोलता येतं; माइकची भीती मोडली की नाही?" येताना अण्णा म्हणाले. मला खरंच हसू आलं.

अण्णांकडे पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. अण्णांच्या मोबाइलवर नंदगडच्या रवळूचा मेसेज होता. हा नुकताच आमचा रिसीव्हर ऐकायला लागलेला हौशी गडी.

"अण्णा, म्हातारीचा आवाज झकास आला. ती गप्प झालीया, पर तिच्या मागनं बोलणारा माणूस न्हाय. दुपारधरनं 'भैरवी... भैरवी...' म्हणून हळूच हाका मारतोय. अजून मारतोय. भैरवी कोण वो?"