आग्नेयेकडची छत्री

रात्रपाळी करून आलेल्या नर्सला "काय पाहिजे?" असं विचारू नये. ती "झोप" म्हणते. टीव्ही-डिशच्या दुकानात सुकन्यानं तेच म्हटलं आणि काउंटरमागचा श्रीशैल खुदकन हसला.

"ती संपली हाय बघा. फुकट टीव्हीची छत्री हाय, दावू?"

"तीच हवीय. दर महिन्याचं रिचार्ज नको. आईला ते जमत नाही, आणि मी... इथं नसणार."

"मग एकदा छत्री आन् बॉक्स घेतला की झालं. पर बॉक्स एमपेग-फोरचा घ्या, जुन्यात चॅनल कमी दिसतात. टीव्ही कसला हाय?"

"जुना. डबाच."

"मग तीन रंगांच्या पिनांची वायर लागंल."

"सगळ्यांना एवढं समजावता?"

"छे! उभ्या उभ्या झोपणाऱ्या गिऱ्हाइकालाच."

दुपारी तो जुळे सोलापुरात घरी आला. गच्ची तव्यासारखी तापलेली. आग्नेयेकडं तोंड करून छत्रीचे नट आवळता आवळता त्यानं विचारलं, "कुटं चाललाय?"

"पुण्याला. स्थळ आलंय. आज संध्याकाळी होकार कळवायचाय." तिनं पुढचा नट त्याच्या हातात दिला. "आईला सोबत आणायचं नाही म्हणतात. म्हणून ही छत्री... घरात कुणीतरी बोलत राहील."

त्याचा पाना थांबला. "टीव्ही बोलतो की. पर जेवलीस का, असं न्हाय इचारत."

सुकन्याला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा, लई! "तुम्ही सिग्नल बघा," म्हणून ती तडक खाली आली आणि टीव्हीसमोर बसली.

"आलं का?" वरून हाक.

"नाही..."

"आता?"

"आलं... गेलं!"

पुढची हाक तिला ऐकूच आली नाही. बसल्या जागी डोळा लागला होता.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. पडद्यावर चित्र लख्ख, आवाज मात्र बंद. बाजूला आई, नीलम्मा, शेंगा फोडत कन्नडमध्ये माहेरच्या गोष्टी सांगत होती. श्रीशैलही शेंगा फोडत होता, मधूनच "हां अव्वा, मुंदे?" म्हणत पुढची गोष्ट काढत होता. बाबा गेल्यापासून आई इतकी बोललीच नव्हती.

"मला उठवलं का नाही?"

"वरनं वरडून घसा बसला. खाली आलो तर चित्र झकास आन् तुमी गाढ. उठवायला जीव झाला न्हाय."

नीलम्मानं त्याला विचारलं, "ऊट आयता?" जेवलास का? तो लाजून मान हलवत नाही म्हणाला.

टीव्ही हे कधीच विचारणार नव्हता, सुकन्याला वाटलं. तिनं स्थळ आणणाऱ्या काकांना फोन लावला. "काका, पुण्याला नाही म्हणून कळवा. आईला टाकून मला नाही जमणार." फोन ठेवला आणि किती दिवसांनी अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं!

"मग..." श्रीशैल पाना पिशवीत टाकत पुटपुटला, "छत्री काढून न्यायची?"

"राहू दे. तुम्ही येत जा."

"यायला निमित्त नको का? छत्री तर चांगली बसलीय."

"निमित्त कशाला? तुम्ही मला आवडलात."

बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. पण थकलेल्या माणसाला आडपडदा धरायला त्राण कुठलं! श्रीशैलनं पिशवीत टाकलेला पाना उगाच पुन्हा बाहेर काढला.

"मी तर सकाळीच... तुमी झोप मागितली तवाच," तो म्हणाला.

नीलम्मानं रिमोट उचलला, टीव्ही बंद केला आणि तीन ताटं मांडली.