काढता येईल असं हेल्मेट

प्लास्टरच्या खोलीत हात मोडलेले येतात, पाय मोडलेले येतात. डोकंच प्लास्टरमध्ये घालून चालत आलेला माणूस मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला.

बाहेर रिमझिम चालू होती. एक वयस्क बाई त्याचा दंड धरून त्याला आत घेऊन आल्या. टाळूपासून हनुवटीखालपर्यंत पांढरा गोळा, नाकापाशी श्वासापुरतं भोक, पुढे डोळ्यांपुरती फट, आणि त्या फटीत दोन ओशाळलेले डोळे.

“मी याची आत्या,” बाई म्हणाल्या. “नाटकात अंतराळवीर झालाय. हेल्मेट घरीच करायला बसला. डोक्याला प्लॅस्टिक गुंडाळलं, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या. आता निघत नाही.”

“मान डोक्यापेक्षा बारीक असते, हे लक्षात नाही आलं?” मी विचारलं.

“आलं…” आतून घुमणारा आवाज आला. “पण वाळल्यावर.”

मला हसू आवरेना. करवत सुरू केली तसं त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. पातं आधी माझ्याच तळहाताला लावून दाखवलं. “ही नुसती थरथरते, कातडी कापत नाही. आणि आमचा एक नियम ऐकून ठेवा. प्लास्टर घालतानाच ते काढायचं कसं, हे ठरवायचं असतं.”

“डॉक्टर, समोरून नका कापू… प्लीज.”

“मी डॉक्टर नाही, प्लास्टरवाली आहे. कानामागूनच कापतेय. हलू नका.”

कवचाचे दोन भाग झाले. पापण्यांवर पांढरी भुकटी, विस्कटलेले केस, आणि चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळलेली. मी करवत खाली ठेवली. प्लास्टरने नस दाबली की काय?

“ते आधीचं आहे,” आत्या हळूच म्हणाल्या. “गेल्या वर्षी एका सकाळी उठला तर अर्धं तोंड लुळं. तेव्हापासून आत्ता कुठे नाटकात परत जातोय.”

तो भिंतीकडे बघत बोलू लागला. नाटकाच्या शेवटी अंतराळवीर घरी येतो, हेल्मेट काढतो आणि आई त्याला ओळखते. दिग्दर्शकाने बजावलं होतं, काढणार नसशील तर मी दुसरा बघतो.

“म्हणून न निघणारं करत होतात?”

“वाटलं, रंगमंचावर निघतच नाही म्हटल्यावर प्रसंग बदलतील. घरीही निघणार नाही, हे नाही सुचलं.”

“किंवा तुम्हाला बदलतील.”

त्याने पापण्यांवरची भुकटी पुसली. मला वाईट वाटलं. जीभ आवरायला मी कधी शिकणार, देव जाणे. “हे दोन्ही भाग टाकू नका,” मी म्हणाले. “याच साच्यावर फोमचं करू. पण निघणारं.” त्यातलं ते ‘करू’ माझ्या तोंडून कसं गेलं, कुणास ठाऊक.

मग ड्यूटी सुटली की मी आत्यांच्या घरी, मागच्या खोलीत जाऊ लागले. जुन्या योगा मॅटचे तुकडे, गरम डिंकाची बंदूक, दप्तराची दोन बकलं. तो नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायचा, म्हणजे त्याचा चांगला गाल माझ्याकडे. मी जागा बदलली, तर कात्रीच्या निमित्ताने उठायचा आणि परत डावीकडे यायचा. एकदा मी माझं स्टूल डावीकडे भिंतीलाच चिकटवलं. तेव्हा हा पठ्ठ्या समोर जमिनीवर बसला, मान खाली घालून.

“तिथे काय?”

“इथून बरं दिसतं.”

“काय, फोम?”

“नाही…” तो फोमचा तुकडा कापू लागला.

माझं लक्ष उडालं आणि डिंक बोटावर आला. त्याने माझा हात धरून फुंकर घातली, पण हवा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून निसटली, बोटापर्यंत आलीच नाही. कानापर्यंत लाल होऊन त्याने हात सोडला. मी बोट तिथेच धरून ठेवलं.

“वारा चुकला,” मी म्हणाले. “परत.”

त्याने ओठाचा कोपरा बोटाने दाबून धरला आणि पुन्हा फुंकर घातली. त्या दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले.

प्रयोगाला आत्या आणि मी पुढेच बसलो होतो. शेवटचा प्रसंग आला. त्याचा हात बकलापाशी गेला आणि थांबला. समोर आईचं काम करणारी बाई वाट बघत उभी. सगळं सभागृह चिडीचूप. एका ओढीत निघेल असं बकल मीच बसवलं होतं. आत्यांनी माझं मनगट आवळून धरलं.

टक्क.

दिव्यांच्या प्रकाशात तो पूर्ण चेहरा घेऊन उभा राहिला. मागे कुणीतरी कुजबुजलं. “आई, ओळखलंस?” शब्द जरा घसरले, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. मी रडले, लपवत नाही.

सभागृह रिकामं झालं. रिक्षा बघते म्हणून आत्या मुद्दाम बाहेर गेल्या. तो हेल्मेट काखेत धरून माझ्या रांगेत आला.

“काढताना त्रास झाला?” मी विचारलं.

“खूप.” मग जरा थांबून म्हणाला, “डॉक्टर म्हणतात, आता यात फारसा फरक पडणार नाही. हे असंच राहिलं… तर?”

“मी तुम्हाला असंच पाहिलंय, पहिल्या दिवसापासून. आधीचा कोण होता, माझी ओळख नाही. मला तुम्ही आवडता. सरळच सांगते, तुमची वाट बघत बसले तर म्हातारी होईन.”

तो हसला, जेवढं येतं तेवढं.

माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. तो तिच्यापाशी क्षणभर थांबला, मग माझ्या पुढून गेला आणि उजवीकडे येऊन बसला.